हाडांतले पेट्रोल

१ फेब्रुवारी २००० पासून देशभरात शिसेविरहित पेट्रोल सक्तीचे झाले. त्या दिवशी बंगळूरच्या एखाद्या शाळेत दुसरी-तिसरीत असलेली मुलगी आता तिशी ओलांडून गेली आहे. तिला दिवस गेले असतील, तर जयनगरच्या नाहीतर यशवंतपूरच्या एखाद्या दवाखान्यात तिची फाईल असेल. त्या फाईलमध्ये हिमोग्लोबिन असते, साखर असते, थायरॉइड असते, सोनोग्राफीचे कागद असतात. लहानपणी ती कुठल्या रस्त्याच्या कडेला राहत होती, घरात कोण कसले काम करत होते, याची एक ओळही नसते. नवऱ्याच्या रकान्यात नाव आणि रक्तगट, बस्स.

आपण गर्भारपण नऊ महिन्यांचे मानतो. डोहाळे त्या नऊ महिन्यांचे, खाण्यापिण्याची पथ्ये त्या नऊ महिन्यांची, आणि अलीकडे गर्भसंस्कारांचे वर्गही त्याच नऊ महिन्यांचे. विषारी धातूंचा हिशेब या मुदतीत बसत नाही. तो आईच्या बालपणात सुरू होतो, बापाच्या कामाच्या जागेतून पुढे सरकतो आणि कधी कधी आजीपर्यंत मागे जातो. गर्भातल्या मुलीच्या अंडाशयात पाचव्या महिन्याच्या सुमाराला साठ-सत्तर लाख अंडपेशी असतात. जन्मानंतर नव्या अंडपेशी बनत असल्याचा भक्कम पुरावा नाही. म्हणजे आज पाळण्यात असलेले बाळ ज्या अंडपेशीतून आले, ती पेशी त्याच्या आजीच्या पोटात तयार झाली होती. आजीने तेव्हा कुठले पाणी प्यायले, कुठल्या हवेत श्वास घेतला, ही चौकशी भावुकपणाची नाही, शरीरशास्त्राची आहे.

बंगळूरला ही चौकशी करण्याचा अधिकार इतर शहरांपेक्षा थोडा जास्त आहे, कारण शिशाची मोजणी देशात गंभीरपणे सुरू झाली ती इथून. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस इथल्या जॉर्ज फाउंडेशनने सात शहरांतल्या मुलांचे रक्त तपासले : बंगळूर, मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, हैदराबाद आणि वेल्लोर. बारा वर्षांखालच्या निम्म्याहून अधिक मुलांच्या रक्तात दर डेसिलिटरला १० मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसे निघाले. तेव्हा १० हा धोक्याचा आकडा होता. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने पुढे २०१२ मध्ये तो ५ वर आणि २०२१ मध्ये ३.५ वर आणला; जागतिक आरोग्य संघटना तर शिशाची सुरक्षित अशी पातळीच मानत नाही. फेब्रुवारी १९९९ मध्ये बंगळूरला या विषयावर आंतरराष्ट्रीय परिषद भरली. पुढे सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयात शिसे-विषबाधेचे राष्ट्रीय संदर्भ केंद्र उभे राहिले आणि तिथले जीवरसायनशास्त्राचे प्राध्यापक डॉ. थुप्पिल व्यंकटेश यांनी आयुष्याची कितीतरी वर्षे या एका धातूचा पाठलाग करण्यात घालवली. या सगळ्या खटाटोपाच्या केंद्रस्थानी होती मुलांची बुद्धी. शिशाने मुलाचा बुद्ध्यांक घसरतो, हे पालकांना चटकन कळते आणि सरकारलाही पटवता येते. पण मोजलेल्या त्या मुलांत मुली होत्या आणि त्या मोठ्या होऊन आया होणार होत्या. ती गोष्ट आता घडते आहे.

शिसे रक्तात फार दिवस टिकत नाही. संपर्क थांबला, की महिना-सव्वा महिन्यात रक्तातली पातळी निम्म्यावर येते. काही भाग लघवीवाटे जातो, उरलेला हाडांत जाऊन बसतो, कारण शिसे आणि कॅल्शियम यांतला फरक शरीराला नीट ओळखता येत नाही. मोठ्या माणसाच्या अंगातले नव्वद टक्क्यांहून अधिक शिसे हाडांतच असते आणि टणक हाडात ते दहा ते तीस वर्षे मुक्काम करते. पूर्वी देशावरच्या गावांत जमिनीखाली धान्याची पेवे असत. वरून पाहिले तर नुसती माती, दुष्काळ पडला की पेव उघडायचे. हाड तसेच आहे. गरोदरपणात बाळाच्या सांगाड्यासाठी पंचवीस-तीस ग्रॅम कॅल्शियम लागते, त्यातले बहुतेक शेवटच्या तीन महिन्यांत. ते आईच्या जेवणातून आले नाही, तर शरीर पेव उघडते. आणि मग कॅल्शियमबरोबर वर येते ते शाळेच्या रस्त्यावर श्वासातून आत गेलेले, स्कूटर-रिक्षांच्या धुरातले शिसे. वार त्याला अडवत नाही. बाळाच्या नाळेतल्या रक्तातली पातळी आईच्या रक्ताच्या जवळपास पोचते.

हे केवळ तर्काने मांडलेले नाही. नव्वदच्या दशकात ऑस्ट्रेलियात ब्रायन गुल्सन यांनी पूर्व युरोपातून नुकत्याच आलेल्या बायकांचा गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर अभ्यास केला. ऑस्ट्रेलियातल्या खाणींतल्या शिशाच्या समस्थानिकांची ठेवण युरोपातल्या शिशापेक्षा वेगळी असते, त्यामुळे रक्तात आलेले शिसे कुठल्या देशातले आहे ते सांगता येते. या बायका राहत होत्या ऑस्ट्रेलियात, खात होत्या तिथलेच. पण पोटात बाळ वाढू लागले तसे त्यांच्या रक्तात सोडून आलेल्या देशाचे शिसे वर येऊ लागले. बाळ पाजताना तर आणखी. माहेर सुटते, भाषा बदलते, पासपोर्ट बदलतो; हाड मात्र आपली नोंद ठेवून असते. सगळ्या देशातून माणसे येऊन वसलेल्या बंगळूरसारख्या शहराला हा अभ्यास मला फार जवळचा वाटतो. इथल्या प्रसूतिगृहांत कुणाच्या हाडातून कानपूर वर येत असेल, कुणाच्या हाडातून कोल्हापूर.

यात एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. लहान मुलांची हाडे वाढताना सतत मोडून नव्याने बांधली जातात, त्यामुळे बालपणी साठलेले बरेच शिसे वाटेतच निघून जाते. बरेच म्हणजे सगळे नव्हे. शिवाय पेट्रोल गेले तरी शिसे गेले नाही. घरगुती रंगांतल्या शिशावर दहा लाखांत ९० भागांची मर्यादा घालणारा नियम २०१६ मध्ये आला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीचे रंग भिंतींवर, खिडक्यांच्या गजांवर, बाळाच्या जुन्या पाळण्यावर अजून आहेत. आणि संगणकाच्या या शहराने विजेच्या लपंडावाच्या काळात घरोघर, ऑफिसोऑफिसी ज्या इन्व्हर्टरांचा आधार घेतला, त्यांच्या बॅटऱ्या शिशाच्याच. जुनी बॅटरी भंगारवाल्याकडे जाते आणि त्यातल्या काही रीतसर कारखान्यात न पोचता कुठल्या तरी शेडमध्ये कोयत्याने फोडल्या जातात. आम्ही उजेडात बसलो ते त्या शेडमधल्या माणसाच्या जिवावर. २०२० मध्ये युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या अहवालाने भारतातल्या साडेसत्तावीस कोटी मुलांच्या रक्तात ५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त शिसे असावे असा अंदाज मांडला. त्यातल्या मुली पुढच्या वीस वर्षांतल्या आया आहेत.

मग गर्भाचे होते काय? मेक्सिको शहरात गरोदर बायकांचा माग ठेवून केलेला एक अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. या बायका शिशाच्या कारखान्यातल्या नव्हत्या, शहरातल्या साध्या बायका होत्या. रक्तातले शिसे दर ५ मायक्रोग्रॅमने वाढले, की गर्भपाताची शक्यता पावणेदोन पटींच्या पुढे जात होती. आपल्याकडे अशा वेळी काय बोलले जाते ते आपल्याला ठाऊक आहे. जिना चढली, पपई खाल्ली, दृष्ट लागली. सून नवी असेल तर तिचा पायगुण. ज्या बाईचे मूल दोनदा-तीनदा राहत नाही, ती आपल्याच अंगात खोट शोधत बसते. तिच्या रक्तातला एक धातू मोजावा, असे सुचवणारा माणूस तिला बहुधा भेटत नाही.

त्याच मेक्सिको शहरात पुढे, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, गरोदर बायकांना रोज १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम दिले तेव्हा रक्तातले शिसे सरासरी अकरा टक्क्यांनी उतरले. म्हणजे बाहेरून कॅल्शियम मिळाले, तर पेव तितकेसे उघडावे लागत नाही. हे वाचले आणि मला नाचणीची आठवण झाली. जुन्या म्हैसूर प्रांताचे रोजचे अन्न म्हणजे नाचणीचा मुद्दा, गरम उंडा सारात बुडवून न चावता गिळायचा. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते. पॉलिश केलेल्या तांदळात जेमतेम दहाच्या आतबाहेर. शहरात आलेल्या कुटुंबाच्या ताटातून नाचणी सगळ्यात आधी जाते, कारण रेशनवर तांदूळ स्वस्त आणि नाचणी गावाकडची. लोहाचेही तसेच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या ५२ टक्के गरोदर बायका रक्तक्षय असलेल्या निघाल्या. शरीरात लोह कमी असले, की आतडे लोहासाठी आपली दारे सताड उघडते आणि त्याच दारांनी शिसे आणि कॅडमियमही आत येतात. जिला पोटभर सकस मिळत नाही, तिच्याच अंगात विष जास्त मुरते. सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या कॅल्शियमच्या आणि लोहाच्या गोळ्या कडवट लागतात, मळमळते, म्हणून पुष्कळ बायका त्या उशाखाली ठेवून देतात. त्या गोळ्यांकडे विषाविरुद्धची ढाल म्हणून पाहायला कुणी शिकवलेले नाही. कर्नाटकात गरोदर बाईला जे तायी कार्ड मिळते त्याच्यावर हे एका ओळीत छापता येईल.

आहाराची गोष्ट इतकी साधी, आणि औषधाची मात्र गुंतागुंतीची. ऑगस्ट २०१२ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने न्यूयॉर्क शहरातल्या सहा गरोदर बायकांच्या शिसे-विषबाधेची नोंद प्रसिद्ध केली. साऱ्या परदेशात जन्मलेल्या, बहुतेक भारतात. त्यांनी भारतात बनलेली आयुर्वेदिक औषधे गरोदरपणाच्या काळात घेतली होती. हे उघडकीला आले, कारण न्यूयॉर्क राज्याच्या कायद्याप्रमाणे प्रत्येक गरोदर बाईला शिशाच्या संपर्काबद्दल विचारावेच लागते. आपल्या रसशास्त्रात गर्भपाल रस नावाचा एक योग आहे. गर्भ टिकावा म्हणून देतात. त्यात हिंगूळ असतो, म्हणजे पाऱ्याचा सल्फाइड, आणि नागभस्म असते, म्हणजे शिशाचे भस्म. शोधन-मारणाने धातूचे विष जाते, अशी वैद्यपरंपरेची श्रद्धा आहे आणि त्या परंपरेत पिढ्यान्‌पिढ्यांचे निरीक्षण आहे हे मी नाकारत नाही. माझ्या घरातही काढे, आसवे घेतली जातात. पण भस्म केले तरी शिसे हे मूलद्रव्य शिसेच राहते आणि ते रक्तात उतरले की नाही, हे रक्त तपासून कळते. ती तपासणी न करता गरोदर बाईला ते देऊ नये, असे मला स्वच्छ वाटते. परंपरेचा मान त्याने कमी होत नाही.

शिसे गर्भ पाडते, हे ज्ञान नवे तर मुळीच नाही आणि ते सगळ्यात आधी प्रयोगशाळेत कळले असेही नाही. इंग्लंडातल्या शेफील्ड शहरात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी माळरानावरचे आम्लधर्मी पाणी शिशाच्या नळांतून येऊ लागले आणि घरोघर विषबाधा झाली. गरोदर बायकांचे गर्भ पडू लागले. ते बायकांनी हेरले. पाच-सहा पोरे पदरात असताना पुन्हा दिवस राहिलेल्या गरीब मजूर बायका औषधाच्या दुकानात मिळणारे डायाकायलॉन नावाचे शिशाचे मलम विकत आणून त्याच्या गोळ्या वळून खाऊ लागल्या. शेफील्डचे डॉक्टर आर्थर हॉल यांनी १९०५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हा प्रकार मांडला. तो पुढे मिडलँड्सच्या गावागावांत पसरला. गर्भ पडत, कधी बाईही दगावे, कुणाची दृष्टी जाई. विषाचे शास्त्र ज्यांनी अंगावर काढून शिकले, त्यांच्यापुढे दुसरा मार्ग ठेवला नव्हता, एवढेच या हकिगतीत मला दिसते. त्यांना दोष देण्याचे धैर्य माझ्यात नाही.

आतापर्यंत मी बाईबद्दलच बोलतो आहे. सगळेच बोलतात. आणि नेमके इथेच विषय वाकडा होतो. मूल होत नाही म्हटले की पहिली तपासणी बाईची, पहिला नवस बाईचा, पहिला टोमणा बाईला. खरे तर मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी निम्म्याच्या आसपास जोडप्यांत पुरुषाकडचे कारण एकटे किंवा बाईकडच्या कारणाबरोबर असतेच. रुमानियात बॅटरीच्या कारखान्यातल्या दीडशे पुरुष कामगारांचा अभ्यास १९७५ मध्ये प्रसिद्ध झाला : ज्यांच्या अंगात शिसे जास्त, त्यांच्यात शुक्रजंतूंची संख्या कमी, हालचाल मंद, आकार बिघडलेले. यामागचे रसायन पुढे उलगडत गेले. शुक्रजंतूच्या डोक्यात वडिलांचा वारसा प्रोटामिन नावाच्या प्रथिनांभोवती घट्ट गुंडाळून ठेवलेला असतो आणि ती घडी पक्की राहायला जस्त लागते. शिसे जस्ताची जागा घेते. घडी नीट बसत नाही. बाहेरून जंतू ठीक दिसतो, आतला मजकूर उघडा पडलेला असतो. कॅडमियमचे काम आणखी निर्दय. चेकोस्लोव्हाकियाच्या यिर्झी पारिझेक यांनी १९५०च्या दशकात दाखवले, की कॅडमियमच्या क्षाराच्या एका लहानशा मात्रेने उंदराचे वृषण करपून जातात आणि सोबत पुरेसे जस्त दिले तर वाचतात.

हे माहीत असूनही कायद्याने आणि मालकांनी काय केले? बाईला दाराबाहेर काढले. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या विलो आयलंड इथल्या अमेरिकन सायनामिडच्या रंगद्रव्याच्या कारखान्यात १९७८ मध्ये प्रजननक्षम बायकांना शिशाच्या विभागात काम नाही असे ठरले. पगार जाऊ नये म्हणून पाच बायकांनी शस्त्रक्रिया करून घेतली आणि कायमच्या वंध्य झाल्या. जॉन्सन कंट्रोल्स या बॅटरीच्या कंपनीने १९८२ मध्ये असेच धोरण आणले. वांझपणाचा वैद्यकीय दाखला असेल तरच बाईला ते काम. मार्च १९९१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते बेकायदा ठरवले. पुरुषाच्या प्रजननक्षमतेलाही शिशाने बाधा होते याचा पुरावा न्यायालयापुढे होता, आणि तरी त्या धोरणात पुरुषांना संरक्षण नव्हते, हे निकालात आले आहे. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्याखालच्या नियमांनी विद्युत संचायक, म्हणजे बॅटऱ्या, बनवण्याच्या शिशाच्या कामात बायका आणि अल्पवयीन यांना मनाई होती; २०२० च्या कामगार संहितेने बायकांना सर्व प्रकारच्या कामांची दारे उघडली. दार लावले तरी आतली हवा तीच, दार उघडले तरी आतली हवा तीच. आत राहिलेला पुरुष संध्याकाळी तीच हवा कपड्यांवर, केसांत, नखांत घेऊन घरी येतो आणि पोर धावत येऊन त्याच्या मांडीवर बसते.

ही हवा मला सगळ्यात जवळून दिसली ती बंगळूरच्या नगर्तपेठेत. मराठी माणसाचे या शहराशी नाते शहाजीराजांच्या जहागिरीपासूनचे. पण आजचे एक जिवंत नाते इथल्या अरुंद गल्ल्यांत आहे आणि त्याच्याविषयी मराठीत फारच थोडे लिहिले गेले आहे. सांगली जिल्ह्यातले खानापूर, आटपाडी आणि साताऱ्यातले खटाव, माण हा सारा कायम दुष्काळी मुलूख. तिथली माणसे पिढ्यान्‌पिढ्या गलाईच्या धंद्यात देशभर पांगली. गलाई म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करणे. केरळपासून काश्मीरपर्यंत जिथे सराफकट्टा आहे, तिथे या मुलखातला, विट्याकडचा गलाईवाला आहे. गावाकडे बंगला, देवळाचा जीर्णोद्धार, यात्रेला मोठी पंगत. आणि परमुलखात आठ बाय दहाचे दुकान, त्यात भट्टी, वरच्या माळ्यावर संसार.

अशा एका दुकानाच्या उंबऱ्याशी मी बराच वेळ उभा होतो. सोनाराच्या दुकानातली झाडलेली धूळ पोत्यांत भरून आली होती. ही धूळ जाळायची, चाळायची, पाऱ्याने तिच्यातले बारीक कण गोळा करायचे आणि मग पारा आगीवर उडवून द्यायचा. नाहीतर शिशाबरोबर मुशीत वितळवायची, म्हणजे शिसे सोने-चांदीला कवेत घेऊन खाली बसते. मग भट्टीत हवा मारून ते शिसे जाळायचे. त्याचे मुरदाडशिंग होते, काही धूर होऊन उडते, मागे चांदी-सोने राहते. शेवटी तेजाब. तेजाबात चांदी विरघळते, सोने तळाशी उरते आणि भांड्यातून नारिंगी रंगाचे लोट उठतात. काम करणारा तिशीतला तरुण तोंडाला पंचा गुंडाळून सांडशीने मूस हलवत होता. धुराची नळी दुकानाच्या दारावरूनच गल्लीत उघडत होती. वर माळ्यावर कुकरची शिट्टी झाली.

त्याने हात धुतले, तेव्हा मला एक गोष्ट दिसली. बेसिनखाली गटाराला जाणारी नळी नव्हती, पिंप होते. हात धुतलेले पाणी साठवतात, कारण त्यात सोन्याचे कण असतात. पायाखालचे तरट वर्षभराने जाळतात, त्याच्या राखेतही सोने निघते. कामाचे जुने कपडेसुद्धा टाकत नाहीत. त्या दुकानात कशाचाही अपव्यय नाही, मिलिग्रॅमचा हिशेब आहे, फक्त उडून गेलेल्या शिशाचा, पाऱ्याचा आणि कॅडमियमचा नाही. त्याची तोळ्यामागे किंमत लागत नाही ना. चांदीचे दागिने घडवणाऱ्या आपल्या कारागिरांतल्या शिसे-विषबाधेबद्दल भारतीय शास्त्रज्ञांनी १९८३ मध्येच लिहून ठेवले आहे. कॅडमियमची गोष्ट तर आपल्या सगळ्यांच्या घरातली. सराफाच्या पाटीवर ‘केडीएम’ ही अक्षरे आपण अभिमानाने वाचली, बहिणीच्या लग्नातल्या पाटल्या-बांगड्या केडीएमच्या घेतल्या. केडीएम म्हणजे कॅडमियमचा डाग. सोन्याचे तुकडे जोडताना कॅडमियम झपाट्याने उडून जाते, म्हणून दागिन्याचा कस उतरत नाही आणि गिऱ्हाईक खूश. उडालेले कॅडमियम दागिना जोडणाऱ्याच्या फुप्फुसात जाते, मूत्रपिंडात दहा ते तीस वर्षे राहते. घरात गरोदर बाई असली, तर ते तिच्या वारेत साठते; शिशासारखे पलीकडे फारसे जात नाही, पण बाळाकडे जाणारे जस्त अडवते आणि बाळ कमी वजनाचे जन्मते. हॉलमार्क २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला आणि केडीएमच्या पाट्या उतरल्या. शरीरातली नोंद इतक्यात उतरणारी नाही.

दोन-चार माणसांच्या अशा दुकानाला कारखाना कायदा लागू होत नव्हता. त्याला विजेवर चालणाऱ्या कामासाठी दहा माणसे लागत, आणि नव्या संहितेने तो आकडा वीसवर नेला आहे. तिथे तपासनीस येत नाही, धुराची मोजणी होत नाही, रक्ताची तपासणी होत नाही. पण या माणसांच्या जातीपातीच्या, तालुक्याच्या, धंद्याच्या संघटना घट्ट आहेत. चोरीच्या सोन्याच्या संशयावरून परराज्यातले पोलीस त्रास देऊ लागले, की दिल्लीपर्यंत जाण्याची ताकद त्यांच्यात आहे. त्या ताकदीने शिशाचा विषयही हाती घ्यावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. मागायचे काय, तेही अवघड नाही. भट्टी एका इमारतीत आणि संसार दुसऱ्या. भट्टीवर धूर ओढून घेणारा आणि गाळणारा पंखा. कामाचे कपडे दुकानातच, घरी जाण्याआधी अंघोळ. आणि वर्षातून एकदा रक्ताची तपासणी. ती करताना फक्त सुनेला नेऊ नये. आधी भट्टीवरच्या माणसाला न्यावे.

कारण पुरुषाच्या बाबतीत काळ थोडा दयाळू आहे. शुक्रजंतू तयार व्हायला सुमारे चौऱ्याहत्तर दिवस लागतात. हवा स्वच्छ झाली, अंगावर नवे शिसे येणे थांबले, की रक्तातली पातळी आधी उतरते आणि पुढच्या काही महिन्यांत नव्या जंतूंची पिढी बरी निघू शकते. मूल हवे असलेल्या जोडप्याने नवऱ्याला सहा महिने भट्टीपासून दूर ठेवले, तर ते नवसाइतकेच श्रद्धेने आणि नवसापेक्षा खात्रीने करण्यासारखे काम आहे. बाईच्या हाडातले शिसे इतके लवकर हलत नाही. तिच्यासाठी सहा महिने पुरत नाहीत, तिच्यासाठी सुरुवात ती रांगत असतानाच करावी लागते. आणि त्या माळ्यावर, भट्टीच्या बरोबर वर, त्या दिवशी एक मुलगी रांगत होती.